पहिला गेमिंग पीसी: सुटे भाग निवडताना क्रम चुकवू नका

दुकानातून येणारं कोटेशन साधारण असं असतं: "आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट." वाचायला भरगच्च वाटतं, पण कामाची एकही गोष्ट यात नाही. आय७ कुठल्या पिढीचा? तिसऱ्या पिढीचा आय७-३७७० हा २०१२ सालचा प्रोसेसर आहे. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि चार कोरचा साधा आय३-१२१०० त्याला गेममध्ये सहज मागे टाकतो. ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड म्हणजे कोणतं? जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्डसुद्धा ४ जीबीत मिळतं. पडद्यावर चित्र आणायला ते पुरतं, आजच्या गेमला पुरत नाही. रॅम एका स्टिकमध्ये आहे की दोन? एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग, कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा? काहीच कळत नाही.

पहिल्यांदा पीसी घेणारे बहुतेक जण आधी प्रोसेसर ठरवतात, मग डोळ्यांत भरणारं कॅबिनेट, मग रॅम. ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस उरलेल्या पैशांत बसवतात. हा क्रम उलटा करायला हवा. आधी गेम आणि मॉनिटर, मग त्यांना पुरेल असं ग्राफिक्स कार्ड, मग त्या कार्डाला साथ देणारा प्रोसेसर, मग मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड), रॅम, एसएमपीएस, एसएसडी आणि सगळ्यात शेवटी कॅबिनेट. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. पुढचा टप्पा नक्की झाल्याशिवाय मागच्या भागाचे पैसे देऊ नका.

## टप्पा १: कागदावर बजेट मांडा

"माझं बजेट ६० हजार" एवढं म्हणून काही ठरत नाही. या साठ हजारांत मॉनिटर धरलाय का? कीबोर्ड, माउस, हेडफोन? यूपीएस? विंडोजचं लायसन्स? वाय-फाय? स्वस्त मदरबोर्डवर वाय-फाय नसतं, हे पीसी घरी सुरू केल्यावर लक्षात येतं आणि राउटर तर हॉलमध्ये असतो. मग यूएसबी डोंगल किंवा वाय-फाय कार्ड घ्यावं लागतं, नाहीतर लॅन केबल ओढावी लागते. हे सगळं आधी लिहून काढा आणि एकूण रकमेतून वजा करा. उरेल ते डब्याचं बजेट, म्हणजे कॅबिनेट आणि त्याच्या आतलं सगळं.

उदाहरण घेऊ. हातात एकूण ७५ हजार आहेत आणि घरात जुनं काहीच नाही. मॉनिटरला १० हजार, यूपीएसला ५ हजार, कीबोर्ड-माउस-हेडफोनला मिळून ३ हजार बाजूला ठेवले, तर डब्याला ५७ हजार उरतात. त्यातले ३५ ते ४० टक्के, म्हणजे २० ते २३ हजार, ग्राफिक्स कार्डाचे. प्रोसेसर आणि बोर्ड मिळून साधारण पाव हिस्सा. एसएमपीएसला ४ हजारांच्या आसपास. उरलेल्यात रॅम, एसएसडी आणि कॅबिनेट.

रॅम आणि एसएसडीचा वाटा मात्र सैल ठेवा. डेटा सेंटरकडून मेमरीची मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले. सहा महिन्यांपूर्वीच्या व्हिडिओत ऐकलेला भाव आज मिळेल असं धरून चालू नका. रॅम महाग पडली तर काटछाट आधी कॅबिनेटमध्ये करा, मग एसएसडीच्या साइझमध्ये. एसएमपीएसला हात लावायचा नाही.

तपासा: यादीत मॉनिटर, यूपीएस, वाय-फाय आणि विंडोज या चौघांपुढे रक्कम किंवा "घरी आहे" असं लिहिलंय का?

## टप्पा २: गेम आणि मॉनिटर एकत्र ठरवा

रोज खेळणार असाल असे तीन-चार गेम लिहा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक गेमना ग्राफिक्स कार्ड कमी लागतं, प्रोसेसर जास्त लागतो आणि मॉनिटरचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो, हर्ट्झमध्ये) महत्त्वाचा ठरतो. सायबरपंक २०७७ सारखा गेम कार्डाचा अक्षरशः घाम काढतो. दोन्ही खेळायचे असतील तर बजेट दुसऱ्याच्या हिशोबाने धरा.

आता रिझोल्यूशन. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६० × १४४० वर सुमारे ३६.९ लाख, म्हणजे पावणेदोन पटीहून थोडे जास्त. फोर-के म्हणजे १०८० च्या चौपट. प्रत्येक फ्रेमला एवढे पिक्सेल रंगवायचं काम कार्डाचं असतं. पहिल्या, मर्यादित बजेटच्या पीसीला १०८० चा आयपीएस पॅनेल आणि १४४ ते १८० हर्ट्झ हा मॉनिटर योग्य आहे. घरचा टीव्ही फोर-के आहे म्हणून पीसी त्याला जोडायचा बेत असेल, तर गेम १०८० वरच चालवावे लागतील हे मान्य करून चला.

सावधान: घरी ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर आहे आणि तोच वापरायचा आहे, तर २०० एफपीएसच्या (सेकंदाला २०० फ्रेमच्या) मागे लागून महाग कार्ड घेऊ नका. पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलणार.

## टप्पा ३: ग्राफिक्स कार्ड

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात आणि फसवणूकही इथेच होते, म्हणून जरा सावकाश जाऊ.

जीबी बघून कार्ड घेऊ नका. कार्डाची ताकद त्याच्या चिपमध्ये असते, मेमरी तिला साथ देते. मेमरी कमी पडली की गेम अडखळतो हे खरं, म्हणून आज नवं कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली जायला मी सांगणार नाही. पण कमजोर चिपवर ८ जीबी चढवली म्हणून ती धावायला लागत नाही. कार्डाचं पूर्ण नाव विचारा.

एकाच नावाची दोन कार्डं असतात. आरटीएक्स ३०५० घ्या. ८ जीबीच्या मूळ आवृत्तीत २५६० कोर आणि १२८ बिटची मेमरी बस (चिप आणि मेमरीमधली वाट) आहे. २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या आवृत्तीत २३०४ कोर आणि ९६ बिटची बस. नाव तेच, कामगिरी कमी. ६ जीबीच्या कार्डाची एक बाजू चांगली आहे: ते ७० वॅटमध्ये चालतं, त्याला वेगळी पॉवर केबल बहुधा लागत नाही. ऑफिसातल्या जुन्या ब्रँडेड पीसीत टाकायला ते बरं पडतं. नव्याने बांधत असाल तर दोन्हींचे भाव आणि एएमडीच्या आरएक्स ६६०० चा भाव शेजारी ठेवून बघा. तसंच जीटी १०३० डीडीआर४ आणि जीडीडीआर५ अशा मेमरीच्या दोन प्रकारांत येतं, त्यातलं डीडीआर४ वालं खूपच हळू. आरएक्स ५८० च्या नावापुढे २०४८एसपी असेल, तर ते खऱ्या ५८० पेक्षा खालचं कार्ड आहे.

लेनचा हिशोब. कार्ड बोर्डाशी पीसीआय एक्सप्रेसच्या लेनमधून बोलतं. खाच लांब दिसली तरी सगळी कार्डं सोळा लेन वापरत नाहीत. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६० आणि ५०६० आठ लेन वापरतात, तर आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये हे चालून जातं. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ६५०० एक्सटीची कामगिरी चांगलीच घसरते, कारण त्याची ४ जीबी मेमरी भरली की डेटा त्याच अरुंद वाटेने ये-जा करतो. आठ लेनवाल्या कार्डांना फटका कमी बसतो, पण मेमरी काठोकाठ भरली की तिथेही जाणवतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रोसेसरच्या टप्प्यात परत लागेल.

इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरीसह येतं आणि भाव जमला तर मोहात पाडतं. त्याला बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असणं आवश्यक आहे आणि कमजोर प्रोसेसरबरोबर ते बरंच मागे पडतं. जुना पीसी अपग्रेड करणाऱ्यांनी ते टाळावं.

वापरलेलं कार्ड घेणं वाईट नाही, अट एकच: तुमच्या डोळ्यांसमोर चालवून दाखवायला हवं. जीपीयू-झेड हे छोटं, फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा. चिपचं नाव, कोरची संख्या, मेमरीचा प्रकार ते दाखवतं. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकण्याचा धंदा चालतो आणि अशी बरीच कार्डं हे सॉफ्टवेअर नकली म्हणून दाखवतं. नंतर दहा-पंधरा मिनिटं ताणाची चाचणी, म्हणजे कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर, लावा. तापमान कुठे थांबतं, पंख्याचा आवाज खरखरीत येतो का, पडद्यावर ठिपके किंवा पट्टे उमटतात का, हे बघा. "घरी नेऊन बघा, काही झालं तर फोन करा" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. वॉरंटी शिल्लक असेल तर मूळ बिल मागून घ्या.

कार्डाला पैसेच पुरत नसतील तर? ग्राफिक्स आत असलेला एएमडीचा प्रोसेसर रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी घेऊन आज सुरुवात करता येते. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक कमी सेटिंगवर चालतात. यात रॅमच्या दोन स्टिक लागतातच, कारण आतलं ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतं. ५६००जीची पुढची अडचण मात्र आधीच जाणून घ्या: तो पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचाच आहे, बोर्ड कितीही नवा घेतला तरी.

तपासा: कार्डाचं पूर्ण नाव, मेमरी, वॅट, लांबी मिलिमीटरमध्ये आणि पॉवर कनेक्टर किती पिनचा, या पाच गोष्टी लिहून घेतल्यात का? पुढच्या टप्प्यांत त्या लागणार आहेत.

## टप्पा ४: प्रोसेसर

गेमिंगसाठी सहा कोर आणि बारा थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) हा सध्याचा समजूतदार पाया आहे. रायझन ५ ५६००, आय५-१२४००एफ, थोडं जास्त बजेट असेल तर रायझन ५ ७६००. बजेट अगदीच ताणलं असेल तर आय३-१२१००एफ अजूनही खेळवतो. आठ कोरच्या मागे लागून कार्ड एक पायरी खाली आणू नका.

नावातली शेवटची अक्षरं वाचायला शिका. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नाही. कार्ड खराब होऊन दुरुस्तीला गेलं की पीसीवर काहीच दिसणार नाही. हा धोका बहुतेक जण पत्करतात, तुम्हीही पत्करा, पण माहीत असू द्या. एएमडीत जी म्हणजे तगडं ग्राफिक्स आत. साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ७६०० मध्ये कामचलाऊ आहे.

रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांत नावाचा फरक एका आकड्याचा, पण ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरची स्वतःची जलद मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२. शिवाय ५५०० हा पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीवर अडकतो. चार किंवा आठ लेनचं कार्ड घेणार असाल तर दोघांतल्या भावातला फरक देऊन ५६०० घ्या.

आता सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा. एएम४ हा २०१६ पासूनचा सॉकेट आहे. स्वस्त आहे, डीडीआर४ रॅमवर चालतो, पण पुढे मोठी वाट उरलेली नाही. एएम५ फक्त डीडीआर५ घेतो, महाग पडतो, पण दोन-तीन वर्षांनी बोर्ड तसाच ठेवून प्रोसेसर बदलता येईल. इंटेलचा एलजीए १७०० बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चालतो आणि बोर्डाप्रमाणे डीडीआर४ किंवा डीडीआर५. पाच वर्षं काहीच बदलायचं नसेल तर एएम४ वर वाचलेले पैसे कार्डात घाला. दर दोन वर्षांनी एखादा भाग बदलायची सवय असेल तर एएम५. माझा कल ६० हजारांच्या खालच्या डब्याला एएम४ किंवा बाराव्या पिढीच्या इंटेलकडे आहे.

सावधान: "ट्रे" प्रोसेसर (बॉक्सशिवाय सुटा) स्वस्त मिळतो, पण त्यासोबत कूलर (प्रोसेसर गार ठेवणारा पंखा) येत नाही आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर असते. बॉक्समधला घ्या. बॉक्समध्येही कूलर आहे ना ते विचारा: ५६०० आणि १२४००एफ सोबत येतो, ५७००एक्स सोबत येत नाही.

## टप्पा ५: मदरबोर्ड

बोर्डाने एफपीएस वाढत नाहीत, त्यामुळे इथे हौस नको. पण पाच गोष्टी जुळायलाच हव्यात: सॉकेट, रॅमचा प्रकार, रॅमचे किमान दोन स्लॉट, एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी चालणारा एम.२ स्लॉट आणि कार्डाच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटची पिढी.

शेवटच्या मुद्द्यावर लोक सर्रास अडकतात. एएम४ मध्ये ए५२० आणि बी४५० बोर्ड तिसऱ्या पिढीचे आहेत, बी५५० चौथ्या. तुम्ही ५६०० घेतला, आठ लेनचं कार्ड घेतलं आणि बोर्ड ए५२० घेतला, तर कार्ड तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालेल. बी५५० घ्या.

एच६१० बोर्ड एकाच नावाने डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत विकले जातात. बोर्डाच्या पूर्ण नावात डी४ वगैरे लिहिलेलं असतं, कंपनीच्या वेबसाइटवर तेच नाव टाकून खात्री करा. चुकीची रॅम स्लॉटमध्ये बसतच नाही, कारण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावला तर स्लॉट तुटेल.

जुना साठा असलेल्या बी४५० बोर्डाचा बायोस ५००० मालिकेचा प्रोसेसर ओळखत नाही असंही होतं. दुकानदाराला बायोस अपडेट करून द्यायला सांगा, तेही बिल होण्याआधी.

तपासा: बोर्ड कंपनीच्या पानावर प्रोसेसरची यादी असते. त्यात तुमचा प्रोसेसर आणि त्यापुढे लागणारी बायोस आवृत्ती शोधा.

## टप्पा ६: रॅम

१६ जीबी, आठ-आठच्या दोन स्टिक, एकाच पाकिटातलं किट. एक १६ ची स्टिक घेऊन "दुसरी नंतर टाकू" हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. एका स्टिकवर मेमरी एकाच चॅनेलने चालते, गेममध्ये फ्रेम अडखळतात आणि नंतर तंतोतंत तशीच दुसरी स्टिक मिळेलच असं नाही. हल्लीच्या भावात दोन स्टिक जमतच नसतील तरच एकीवर भागवा आणि पुढच्या खरेदीत पहिला नंबर तिचा लावा.

डीडीआर४ मध्ये ३२००, डीडीआर५ मध्ये ५६०० किंवा ६००० चा वेग पुरतो. लॅपटॉपची रॅम आखूड असते, डेस्कटॉपवर बसत नाही. ऑनलाइन मागवताना हे नजरचुकीने होतं.

## टप्पा ७: एसएमपीएस, यूपीएस आणि भिंतीतला प्लग

आधी गरज मोजा. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, रायझन ५६०० भाराखाली जास्तीत जास्त ७६ वॅट, बोर्ड-रॅम-पंखे-एसएसडीला ७५ धरा. झाले २८३ वॅट. कार्ड क्षणभर याहून जास्त ओढतं आणि एसएमपीएस काठावर चालवायचा नसतो, म्हणून नावाजलेल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा घ्या. मोठं कार्ड पुढे टाकायचा विचार असेल तर ६५०.

आता लेबल वाचायचं. पेटीवर "५०० वॅट" असं मोठं छापलेलं असतं. बाजूच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर बघा. समजा तिथे १६ अँपिअर आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही याच १२ व्होल्टवर चालतात. म्हणजे नावाला ५०० वॅटचा हा डबा वरच्या २८३ वॅटच्या पीसीला पुरा पडत नाही. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर हाच आकडा ४० ते ४५ अँपिअरच्या आसपास असतो. कॅबिनेटसोबत "फ्री" मिळणारे एसएमपीएस बहुतेक पहिल्या प्रकारातले असतात. तो फ्री आहे म्हणून पीसीत बसवू नका, काढून ठेवा.

८० प्लस ब्राँझचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. तो असावा, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. पाच वर्षांची वॉरंटी देणारं मॉडेल निवडा.

सावधान, यात पीसी जळतो: मोड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका. पीसीच्या बाजूचं टोक सारखं असतं, एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना कंपनीगणिक आणि कधी मॉडेलगणिकही वेगळी असते. एसएसडी आणि बोर्ड एका झटक्यात जातात. तसंच साटा केबलमधून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या केबलमधून) ग्राफिक्स कार्डाला वीज देणारे जोड वापरू नका, ते वितळतात.

यूपीएसवर व्हीए लिहिलेलं असतं, वॅट त्याहून कमी. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना वीज गेली, तर पीसी आणि मॉनिटर मिळून तो आकडा गाठला जाऊ शकतो आणि यूपीएस असूनही पीसी बंद पडतो. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या. त्यावर खेळत राहायचं नसतं, सेव्ह करून बंद करायला पाच मिनिटं मिळाली की त्याचं काम झालं.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल, तर प्लगला अर्थिंग नाही असं समजा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या वाड्यांत, चाळीत, भाड्याच्या खोल्यांत तीन पिनचं सॉकेट असूनही अर्थची तार जोडलेली नसते. पीसी घरी यायच्या आधी हे काम उरका. पन्नास हजारांचा डबा अशा प्लगला लावू नका.

## टप्पा ८: एसएसडी आणि कॅबिनेट

एनव्हीएमई एसएसडी घ्या, जमेल तर १ टीबी. मोठे गेम एकेकटे १०० जीबीच्या पुढे जातात, ५०० जीबीत विंडोज धरून तीन-चार बसतील. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या एसएसडीत गेमला जाणवण्याइतका फरक नाही, स्वस्त मिळेल ती घ्या, कंपनी मात्र ओळखीची हवी. एम.२ आकारात साटा (जुन्या, हळू प्रकारच्या) एसएसडीही येतात, खरेदी करताना "एनव्हीएमई" हा शब्द बिलावर लिहून घ्या.

कॅबिनेट निवडताना पुढची बाजू जाळीची हवी. समोर काच असलेल्या कॅबिनेटमध्ये दिवे छान दिसतात, हवा शिरत नाही. पुण्यात कदाचित चालून जाईल, मे महिन्यात नागपूर-अकोल्यात खोलीचं तापमानच चाळिशीत असतं, तिथे काचेमागे कार्ड तापून स्वतःचा वेग कमी करणार. पुढून हवा आत घेणारे दोन पंखे, मागून बाहेर टाकणारा एक, एवढं पुरे. विदर्भातल्या वाचकांना एक विनंती: पाण्याचा कूलर थेट पीसीवर रोखू नका. गार हवेबरोबर ओलावा आत जातो.

तपासा: कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मर्यादेत बसते का? पुढचे पंखे लावल्यावर कार्डाला उरणारी जागा धरा.

## टप्पा ९: खरेदी

आता प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव हातात आहे. तीच यादी एकाच दिवशी तीन ठिकाणी द्या: एक ऑनलाइन दुकान, एक जवळचं, आणि मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडचं एखादं. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. "या मॉडेलऐवजी त्याच दर्जाचं दुसरं देतो" असं ऐकलं की थांबा, नाव लिहून घ्या, घरी येऊन मागचे टप्पे परत लावून बघा. तिथल्या तिथे हो म्हणू नका.

भाग सेलमध्ये एकेक करून महिन्यांच्या अंतराने घेऊ नका. जानेवारीत बोर्ड, मार्चमध्ये प्रोसेसर, मेमध्ये कार्ड घेतलं तर बोर्ड मुळातच खराब होता हे मेमध्ये कळतं आणि बदलून घ्यायची मुदत कधीच संपलेली असते. शक्यतो सगळं आठ-दहा दिवसांत घरी यायला हवं.

बिल जीएसटीचं पक्कं, प्रत्येक भागाच्या सीरियल नंबरसकट. "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील" हा सौदा करू नका, कारण पुढची तीन वर्षं वॉरंटी मागताना हाच कागद दाखवावा लागतो. भाग भारतातल्या अधिकृत वितरकाकडून आलाय का आणि सर्व्हिस सेंटर कुठल्या शहरात आहे, तेही विचारा.

सावधान: पार्सल उघडताना सील तोडण्यापासून सलग व्हिडिओ काढा. एएम५ आणि एलजीए १७०० च्या बोर्डात सॉकेटमध्ये बारीक पिना असतात. प्लास्टिकचं झाकण काढून त्या सरळ आहेत का, हे दुकानातच बघा. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही आणि ती कोणाच्या हातून वाकली हे नंतर ठरवता येत नाही. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तिथे तो तपासा.

## टप्पा १०: पहिल्या दिवशीच्या तपासण्या

जोडणी तुम्ही करा किंवा दुकानदाराकडून करून घ्या, खालच्या गोष्टी स्वतः बघा. बदलून घ्यायची मुदत चालू असतानाच.

१. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावलीय का? बोर्डाच्या पोर्टला लावली तर कार्ड नुसतं बसून राहतं. एफवाल्या प्रोसेसरवर पडदा काळाच राहतो आणि लोक पीसी खराब आहे म्हणून परत घेऊन जातात.

२. चार स्लॉट असतील तर स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, त्याशिवाय ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालते. टास्क मॅनेजरमध्ये वेग बघा. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये निम्मा आकडा, म्हणजे १६०० दिसेल, ते बरोबर आहे.

३. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट १४४ किंवा १६५ वर नेऊन ठेवा. तो आपोआप ६० वर राहिलेला असतो.

४. जीपीयू-झेडमध्ये कार्डाचं नाव, मेमरी आणि लेन बघा. आठ लेनचं कार्ड चार लेनवर दिसत असेल तर ते स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही किंवा खालच्या स्लॉटमध्ये लावलंय. हा आकडा कार्डावर भार असताना बघायचा.

५. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये एसएसडी किती तास चालली आहे ते दिसतं. नव्या एसएसडीवर शेकडो तास दिसले तर ती नवी नाही.

६. व्हॅलोरंट खेळायचं असेल तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी दोन्ही चालू लागतात. बायोसमध्ये आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नव्या पीसीवर ती टाकू नका. लिनक्सवर जाणार असाल तर बरेच गेम छान चालतात, व्हॅलोरंट चालत नाही.

७. तुमच्या यादीतला सर्वात जड गेम सलग एक तास चालवा. या तासाभरात पीसी अचानक बंद होऊन परत सुरू झाला तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या, त्यानंतर तापमानावर. पडदा काळा होऊन पीसी चालूच राहिला तर कार्ड, त्याची पॉवर केबल आणि ड्रायव्हर बघा. विंडोज निळा पडदा दाखवून थांबली तर एक्सएमपी बंद करून परत एक तास चालवा. तरीही तसंच झालं तर एकेक स्टिक वेगळी लावून तपासा आणि दोषी सापडली की किटच्या दोन्ही स्टिक बिलासह दुकानात न्या, एकटी बदलून घेऊ नका.

सगळं ठीक चाललं तरी खोके वर्षभर ठेवा. कार्ड आणि बोर्डाच्या खोक्यांवरचे सीरियल नंबर बिलाशी ताडून त्यांचे फोटो काढा आणि बिलाचाही स्पष्ट फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई वर्ष-दोन वर्षांत उडून जाते.